रामटेके सरांची पट्टी

१९ जून. गोदामातल्या जुन्या उत्तरपत्रिका उद्या कागदाचा लगदा करणाऱ्यांच्या गाडीत चढवायच्या आहेत. गाडी अकराला येणार, त्याआधी यादी जुळवून ठेवायची. परीक्षा विभागात हे काम दर जूनला निघतं आणि माझ्याकडेच येतं, कारण गोदामाची चावी माझ्याकडे असते. निकालानंतर दोन वर्षं उत्तरपत्रिका सांभाळायच्या, मग नष्ट करायच्या, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. यंदा दोनशे चौदा गठ्ठे. क्रमांक वाचायचा, सील मोडायचं, यादीत खूण करायची, गठ्ठा दाराकडे सरकवायचा. पंखा चालत नाही. ओढणी नाकावर बांधून मी सकाळी दहाला सुरुवात केली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे सत्तर झाले. त्यानंतरचा एक गठ्ठा हातात नीट बसेना. उत्तरपत्रिका बासष्टच होत्या, पण उजवीकडून गठ्ठा फुगलेला, डावीकडून चपटा. बी.एस्सी. तिसरं वर्ष, गणित. विषय वाचायची गरज नव्हती. प्रत्येक पान उजव्या कडेला दोन बोटं दुमडलेलं असलं की ती रामटेके सरांची मुलं, हे आमच्या विभागातला शिपाईसुद्धा सांगेल.

मी स्टूल ओढून बसले.

रामटेके सर आमच्याकडे गणित शिकवत. सत्तावीस वर्षं शिकवलं. वडील भंडाऱ्याकडचे, पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर लागले म्हणून इकडे रायपूरजवळ आले आणि इथलेच झाले. माझे वडील रेल्वेत, चरोद्याच्या यार्डात. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे सर माझ्या टेबलाशी येऊन थांबत. "का करून राहिल्या, लांजेवार बाई?" हा त्यांचा नमस्कार. मी म्हणायची, "दिसत नाही का, खूण करून राहिले." घरची बोली तोंडात यायची ती तेवढ्या पाच मिनिटांत. एरवी दिवसभर हिंदी.

जुनवानीहून ते सायकलने येत. स्कूटर होती, ती मुलीला दिली होती. शर्ट पूर्ण बाहीचा असो की अर्ध्या बाहीचा, खिशात पेन्सिलच. लाल पेन त्यांनी कधी वापरलं नाही. चूक दिसली की ते फुली मारत नसत; ज्या ओळीत गणित बिघडलं त्या ओळीशी बारीक पेन्सिलीने हिंदीत लिहीत, "इथं पाय घसरला." त्यानंतरची सगळी चुकीची गणितं ते पुढे तपासत आणि त्या चुकीच्या आकड्यावर मुलानं पुढचं बरोबर केलं असेल तर गुण देत. "पडल्यावर तो सरळच चालला न जी," म्हणत. कॉलेजातले तरुण प्राध्यापक याला वेळेचा अपव्यय म्हणत. मीही म्हणायची, कारण त्यांचे गुण सगळ्यात शेवटी यायचे आणि निकाल माझा अडायचा.

पानाच्या त्या दुमडलेल्या पट्टीचं मूळ त्यांच्या वडिलांकडे होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. कोक ओव्हनवर पाळी संपताना वहीत तापमानाचे आकडे भरायचे असत. वडील आकडे भरत आणि पानाच्या कडेला आपल्या अक्षरात आणखी काहीबाही लिहीत, अमुक दार नीट बसत नाही, तमुक आवाज वेगळा येतो, मला शंका आहे. साहेब विचारी, हे काय? वडील म्हणत, आकडा तुमच्यासाठी आहे, कडेचं पुढच्या पाळीच्या माणसासाठी आहे. सर वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगत, हिंदीत. मग प्रत्येकाला पानाची उजवी कड दोन बोटं दुमडायला लावत. मधल्या भागात उत्तर, पट्टीत विचार. ही पायरी का घेतली, कुठलं सूत्र, कुठे अडलो, काय करून पाहिलं आणि सोडलं. खोडायचं नाही. तपासताना ते आधी पट्टी वाचत.

कुणी समजेल की हे गृहस्थ यंत्राच्या विरोधात असतील. नव्हते. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा त्याचं खोकं त्यांनीच फोडलं. निकालाचे तक्ते आम्ही हातानं करायचो, आठ जण, बारा दिवस. सरांनी सुट्टीत बसून एक प्रोग्राम लिहिला आणि ते काम दोन दिवसांवर आणलं. त्याबद्दल त्यांना कुणी काही दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही. मी एकदा त्या यंत्राला शिव्या देत होते, कारण एका मुलाचं नाव सारखं गळत होतं. सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्याले कावून बोलता बाई? त्याले जिथं पाहा म्हटलं तिथं ते पाहते. कुठं पाहा म्हणून कोणं सांगतलं, ते शोधा." मीच सांगितलं होतं. एक रकाना कमी मोजला होता.

टाळेबंदीत परीक्षा घरून झाल्या. मुलांच्या मोबाईलचा कॅमेरा चालू आणि एक प्रोग्राम त्यांच्या डोळ्यांवर पाळत ठेवून. प्रत्येक मुलाचा अहवाल यायचा. एका मुलाचा अहवाल लाल आला, नजर एकतीस वेळा डावीकडे. नियमाप्रमाणे पेपर रद्द. सरांनी त्या मुलाला फोन लावला, माझ्यासमोर, आवाज मोठा ठेवून.

"बेटा, बाईं तरफ क्या रखा था?"

"कुछ नहीं सर. दीवार है."

"फिर देख क्यों रहा था?"

मग मुलगा म्हणाला, "सर, एक ही कमरा है. दाईं तरफ भाभी लेटी थी. दो दिन का बच्चा है."

सरांनी अहवालाची छापील प्रत मागून घेतली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, "नजर डावीकडे, कारण उजवीकडे बाळंतीण. मुलगा सभ्य आहे." मी म्हटलं, सर, हिंदीत लिहा, इथं मराठी कोण वाचणार. त्यांनी हिंदीत लिहिलं आणि सही केली. तो पेपर रद्द झाला नाही. त्या वेळी अजून माणसाची सही चालत होती.

पुढे गृहपाठ पोर्टलवर आले. नक्कल पकडणारा प्रोग्राम कॉलेजने घेतला. पहिल्याच वर्षी गंमत झाली. ज्या मुलांनी मित्राच्या वहीतून उतरवून काढलं होतं ती सगळी पकडली गेली. ज्यांनी मोबाईलला प्रश्न विचारून आलेलं उत्तर जसंच्या तसं चढवलं होतं, त्यांच्या नावापुढे हिरवं, "मौलिक", म्हणजे स्वतःचं. सरांनी त्यातल्या सगळ्यात मौलिक मुलाला फळ्याशी बोलावलं. गोरापान, नीट भांग पाडलेला मुलगा. दुसऱ्या ओळीवर थांबला.

"आगे?"

"सर, आगे याद नहीं है."

"याद नहीं करना है रे बाबा, सोचना है."

"सर, वो तो उसने सोचा था न," असं म्हणून मुलगा हसला आणि वर्गही हसला. सरसुद्धा हसले. पण त्या आठवड्यापासून रोज चारनंतर ते वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसायला लागले. बासष्ट मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं तोंडी. गुणांची यादी करून माझ्याकडे आणली. पोर्टलवर तोंडी गुणांना रकानाच नव्हता. मी तसं सांगितलं. यादी चार घड्या करून त्यांनी खिशात ठेवली आणि म्हणाले, "रकाना नाही त पोरं त आहेत." पुढच्या सोमवारी ते पुन्हा वऱ्हांड्यात.

मग पडद्यावरची तपासणी आली. उत्तरपत्रिकांची पाठ कापायची, सुटी पानं स्कॅन करायची, बाहेरच्या परीक्षकांना त्यांच्या घरी संगणकावर दाखवायची. कुणाची कुणाला ओळख नाही, वशिला नाही, बेरीज चुकत नाही, निकाल महिन्याऐवजी नऊ दिवसांत. यातलं सगळं खरं आहे. मला ही पद्धत आवडली आणि अजूनही आवडते. आधी मुलांचे काके-मामे माझ्या टेबलाशी येऊन बसायचे, ते बंद झालं.

प्रशिक्षणाला सरही होते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ. एका उत्तरपत्रिकेला सरासरी सहा मिनिटं. सरांना एकोणीस लागली. पडद्यावर पिवळी पाटी आली, आपकी गति औसत से कम है. सरांनी प्रशिक्षकाला विचारलं, "किसकी औसत?" तो म्हणाला, सबकी सर. सर म्हणाले, "सबने पढ़ा क्या?" तो वयानं लहान होता, त्याचा काय दोष. शेरा लिहायला जागा नव्हती. यादीतून निवडायचा, अपूर्ण, असंबद्ध, उत्तम, पायऱ्या नाहीत. सरांनी हात वर करून विचारलं, "इसमें 'यहाँ पैर फिसला' कहाँ है?" सगळे हसले. तिसऱ्या पिवळ्या पाटीला प्रोग्रामने त्यांना परीक्षकांच्या यादीतून आपोआप काढून टाकलं. कुणी माणसानं काढलं नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाही प्रश्न उरला नाही.

ते शिकवत राहिले. पट्टी दुमडायला लावत राहिले. तपासणारे आता दुसरे आहेत, हे त्यांच्या लक्षात होतं. पण तपासणारा पूर्ण पान पाहील, एवढं त्यांनी गृहीत धरलं.

ज्या दिवशी हा गठ्ठा स्कॅनरवर गेला त्या दिवशी तीन हजारांवर उत्तरपत्रिका त्याच संध्याकाळी चढवायच्या होत्या. स्कॅनिंगच्या एजन्सीचा मुलगा माझ्याकडे आला. "मैडम, इस बंडल में किनारे पे काली लकीर आ रही है. कागज मुड़ा हुआ है. मशीन उसी को पन्ने का किनारा समझ रही है. ऑटो क्रॉप रहने दूँ, मशीन किनारा खुद काट ले, या बंद करके एक-एक पन्ना सीधा करूँ?"

मी विचारलं, किती वेळ लागेल.

"इस एक बंडल को तीन घंटे."

मी म्हटलं, "रहने दो."

दुमडलेल्या पानावर काय असतं हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी ते गठ्ठे बांधले होते. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आलं होतं. पण पानाच्या मागच्या बाजूला ही कड डावीकडे येते, तिथलं तरी कापलं जाणार नाही, असा काहीतरी अर्धवट हिशेब मी मनात केला आणि दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळले. यंत्राने दोन्हीकडची कड कापली.

निकाल लागला. गणितात बासष्टपैकी सतरा नापास. एरवी दोन-तीन असायचे. शेरा सगळ्यांना एकच, "पायऱ्या नाहीत". नियमाप्रमाणे पाच गुणांपर्यंत कृपागुण मिळतात, त्यात बरेच तरले. टिकेश्वरी साहू तरली नाही. तिला सहा कमी पडले.

टिकेश्वरी कुम्हारीची. रोज बसने यायची, पहिल्या बाकावर बसायची, वर्गात पहिली यायची. बी.एड.ला तिची जागा लागलेली होती, पदवीचा निकाल दाखवायचा तेवढा बाकी. शाळेत गणित शिकवायचं, एवढंच तिला हवं होतं आणि ते ती कुणी न विचारताही सांगायची. निकालानंतर तिनं पोर्टलवरून आपली उत्तरपत्रिका मोबाईलवर उतरवली आणि सरांकडे आली. सर तिला घेऊन माझ्या टेबलाशी आले, मागे तिचे वडील, डोक्याला गमछा, हातात पायातल्या चपला. आमच्या वऱ्हांड्यात चपला काढायची कुणाला गरज नसते. त्यांनी काढल्या होत्या.

"मैडम, मेरी पट्टी कट गई," ती म्हणाली आणि मोबाईल पुढे केला. पडद्यावर पान होतं. मधली ओळ, मग उडी मारून पुढची ओळ. उजवीकडे जिथे तिनं विचार लिहिला होता तिथे अक्षरांचे शेंडे तेवढे दिसत होते.

वडील म्हणाले, "साहब मन ला देखा दे न मैडम. नोनी लिखे हे कहिथे." साहेबांना दाखवा, पोरगी लिहिलंय म्हणते, एवढंच त्यांचं म्हणणं.

सरांनी बाहेर खुर्ची टाकून दिली आणि त्यांना मुलीला घेऊन तिथं बसायला सांगितलं. मग माझ्याशी मराठीत बोलले.

"मूळ पेपर आहे न बाई तुमच्याजवळ?"

"आहे. सील आहे."

"उघडा. मी नाही पाहत. दुसरा कोणी पाहू द्या. फक्त पूर्ण पान पाहू द्या."

"पुनर्मूल्यांकन स्कॅन प्रतीचंच होतं, सर. नियम आहे."

"कुलपाची चावी तुमच्याजवळ आहे न?"

"चावी आहे. अधिकार नाही."

"मग चावी कायले देली तुमाले?" ते म्हणाले. रागावून नाही. खरंच विचारत होते. "मले एवढंच सांगा, मशीनले तिथवरच पाहा म्हणून कोणं सांगतलं?"

मी म्हटलं, "एजन्सीला विचारावं लागेल."

त्यांनी दाराबाहेर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारा. पोरीची जागा पंधरा तारखेपर्यंत आहे."

मी एजन्सीला विचारलं नाही. काय विचारणार होते?

सरांनी संचालकांना पत्र दिलं. त्याची प्रत माझ्या फायलीत आहे. दोनच वाक्यं. कागद दुमडून कडेला लिहायला मुलांना मी शिकवलं, त्यांचा दोष नाही. मूळ उत्तरपत्रिका उघडून पूर्ण वाचाव्यात, ही विनंती. समिती बसली. टिपण घ्यायला मी होते. एजन्सीच्या माणसानं सांगितलं, कागद परीक्षार्थीने दुमडला, यंत्र बरोबर चाललं. संचालकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मैडम, स्कैनिंग के समय कोई शिकायत आई थी?"

"नहीं सर," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. तक्रार आली नव्हती, प्रश्न आला होता. आणि तेही मीच टिपणात लिहिलं, कोई शिकायत नहीं.

समितीनं सरांच्या पत्रातलं पहिलं वाक्य कबुलीजबाब म्हणून घेतलं आणि दुसरं घेतलं नाही. एका सदस्याने म्हटलं, सत्ताईस साल से बच्चों को गलत आदत डाल रहे हैं. सर साठीनंतर दर वर्षीच्या मुदतवाढीवर होते. त्या वर्षी पत्र निघालं नाही. निरोप समारंभही नाही, कारण निरोप साठीलाच झाला होता. नव्या उत्तरपत्रिकांवर सूचना क्रमांक नऊ छापली गेली, पृष्ठ को कहीं से न मोड़ें. छपाईचं प्रूफ मी तपासलं.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. ग्रंथालयाची पुस्तकं जमा केल्याची पावती द्यायची होती. मी शिक्का मारून घेतला. ते म्हणाले, "चला जी," आणि गेले. का करून राहिल्या, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

टिकेश्वरीची जागा पंधरा तारखेला गेली. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा पेपर द्यावा म्हणून विभागातून मी दोनदा फोन केला. ती म्हणाली, "मैंने लिखा था मैडम. दोबारा क्यों लिखूँ?" मी म्हटलं, जिद्द सोड, डिग्री महत्त्वाची. ती म्हणाली, "जी मैडम," आणि फॉर्म भरला नाही. पदवी पूर्ण करायची तिची मुदत या डिसेंबरला संपते. कुम्हारीत कुठल्याशा कारखान्यात डबे मोजून खोक्यात भरण्याचं काम करते, असं कळलं होतं.

एप्रिलमध्ये माझ्या भाच्याच्या साखरपुड्याला रायपूरला निघाले होते. कुम्हारीत स्कूटर पंक्चर झाली. दुकानासमोर सायकलींचा ढीग आणि एका हॉलचं दार उघडं. आत तीस-चाळीस मुलं जमिनीवर, आणि फळ्याशी रामटेके सर. वाळले होते. शर्टच्या खिशात पेन्सिल होती. त्यांच्या हातात लाकडी फूटपट्टी होती, ती फळ्याच्या उजव्या कडेला लावून त्यांनी वरपासून खालपर्यंत खडूची रेघ ओढली.

"इस लाइन के उस तरफ कुछ नहीं लिखना है. समझे? जो सोचना है, मन में सोचो. उधर का कोई नहीं पढ़ता."

मुलांनी वह्यांत रेघा मारल्या. मागच्या भिंतीशी टिकेश्वरी बसली होती, कारखान्याच्या निळ्या एप्रनमध्ये, लहान मुलांच्या वह्या तपासत. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घालून वही तपासत राहिली. मग सरांनी पाहिलं. दारापर्यंत आले.

"अरे, लांजेवार बाई! चहा घेता का जी? समोरच आहे."

"नाही सर, घाई आहे," मी म्हटलं. पंक्चर काढणारा अजून टायर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. घाई कसली होती, ते सरांनाही दिसत होतं.

"बरं," ते म्हणाले. "तब्येत सांभाळा." आणि आत जाऊन त्यांनी पुढचं गणित लिहायला घेतलं, रेघेच्या अलीकडे.

तो गठ्ठा आज माझ्या मांडीवर होता. नियम सील उघडायला मनाई करतो. पण नष्ट करायच्या गठ्ठ्याचं सील यादी जुळवताना मोडायचंच असतं. मोडलं. टिकेश्वरीची उत्तरपत्रिका वरून विसावी निघाली. मी गणिताची नाही, बी.कॉम. आहे. पण नमुना उत्तरं त्याच गठ्ठ्यात असतात आणि त्यात प्रत्येक पायरीचे गुण छापलेले असतात. पायरीशी पायरी जुळवायला गणित लागत नाही. मी तिच्या पट्ट्या एकेक उलगडल्या. निळ्या शाईत, छोट्या अक्षरात, तिनं सगळं लिहिलं होतं. हे सूत्र का. ही अट कुठून आली. एका ठिकाणी, "पहले दूसरा तरीका किया, वो यहाँ अटक गया, इसलिए ये."

तिला सहा गुण हवे होते. मी दोनदा मोजले. अकरा निघाले.

मग मी उरलेले त्रेचाळीस गठ्ठे यादीत घेतले, कारण ते काम आजचंच होतं.

२० जून. नऊला कार्यालय उघडलं. आधी टाईप करायला बसले. अर्ज हिंदीत, अर्ध्या पानाचा. स्कॅनिंगच्या दिवशी कड कापू देण्याची तोंडी परवानगी मी दिली होती. समितीसमोर हे मी सांगितलं नाही. मूळ उत्तरपत्रिका उपलब्ध आहेत आणि माझ्या ताब्यात आहेत. बासष्टही पूर्ण वाचाव्यात, आणि टिकेश्वरी साहूची मुदत डिसेंबरपर्यंत आहे. सोबत तिच्या पानांच्या झेरॉक्स, पट्टी उलगडून काढलेल्या. अकराला गाडी आली. दोनशे तेरा गठ्ठे चढवले, पावतीवर दोनशे तेरा लिहून घेतले. एक गठ्ठा माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग संचालकांच्या कार्यालयात गेले. त्यांचा स्वीय सहायक गुप्ता, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, चांगला मुलगा आहे. त्यानं अर्ज उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला, आणि दार लोटून घेतलं.

"मैडम, आपके रिटायरमेंट को कितने साल हैं?"

"नौ."

"और ये दो साल पुरानी बात है. किसी ने पूछा भी नहीं."

"हाँ."

"रख लीजिए मैडम. मैंने देखा ही नहीं, समझिए."

मी आवक नोंदवही त्याच्या हातातून घेतली, ओळीत क्रमांक टाकला, शिक्का त्याच्यासमोर सरकवला.

"पावती दो," मी म्हटलं.